सायकल दिली, आता साइडपट्टी द्या

जुलैच्या शेवटी आमच्या शाळेच्या मैदानात एकोणतीस सायकली ओळीने उभ्या होत्या. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळालेल्या. सीटवरचं प्लॅस्टिक कुणी काढलं नव्हतं. पाहुण्यांची भाषणं चालू असताना आठवीतल्या एका मुलीने हळूच घंटी वाजवून पाहिली, मग शेजारचीने वाजवली, आणि बघता बघता सगळ्या ओळीने. पुढची पाच मिनिटं भाषणातलं काही ऐकू आलं नाही. कुणी रागावलंही नाही.

डिसेंबरात त्याच पहिल्या घंटीवालीचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

झालं ते एवढंच. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती गावाकडे निघाली. मागून दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आला, समोरून जीप येत होती. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. तिने शहाण्या मुलीसारखी सायकल डांबरावरून खाली साइडपट्टीवर घेतली आणि पडली. नशीब एवढंच, की ती बाहेरच्या बाजूला, चारीकडे पडली. आत पडली असती तर हा लेख मी लिहू शकले नसते.

दुसऱ्या दिवशी मी ती जागा पाहायला गेले. बरोबर फळ्यावर रेघा मारायची लाकडी पट्टी नेली होती. उन्हाळ्यात रस्त्यावर नवा थर पडला होता, काळाभोर, गुळगुळीत, आणि त्याचं आम्हा सगळ्यांना कौतुकच होतं. पण साइडपट्टी होती तिथेच राहिली होती. डांबराची कड आणि खालचा मुरूम यांत अकरा सेंटिमीटरचं अंतर भरलं. मोटारीच्या चाकाला अकरा सेंटिमीटर म्हणजे एक धक्का. सायकलीचं तसं नसतं. सायकल तोल सांभाळते ती हँडल सतत किंचित इकडेतिकडे वळवून. चाक कडेला घासत राहिलं की ते वळणंच बंद होतं आणि तोल जातो. खाली उतरलेल्या सायकलीने परत वर चढायचा प्रयत्न केला तर चाक कडेला अडतं आणि माणूस थेट डांबरावर आडवा होतो, मागून येणाऱ्या चाकांसमोर. सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हे अंगाने माहीत असतं. रस्त्याचा नकाशा काढणाऱ्याला, कामाचं मोजमाप घेणाऱ्याला आणि विधानसभेत रस्त्यांच्या निधीवर बोलणाऱ्यांना ते माहीत असेल असं मला वाटत नाही, कारण माहीत असतं तर साइडपट्टी भरणं हे कामाच्या शेवटी उरलेलं, बहुतेकदा राहूनच गेलेलं कलम झालं नसतं.

आपल्या आमदारांना मला सांगायचं आहे ते इथूनच सुरू होतं. राज्याच्या तेवीस जिल्ह्यांतल्या मागास अशा १२५ तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शासन सायकल देतं. ही योजना चांगली आहे. मी अठ्ठावीस वर्षं शिकवते आहे. सातवीनंतर घरी बसणाऱ्या मुली मी पाहिल्यात आणि सायकल आल्यावर बारावीपर्यंत टिकलेल्याही. पण ज्या शासनाने मुलीच्या हातात हँडल दिलं, त्याच शासनाच्या रस्त्यावर त्या सायकलीला जागा नाही आणि ज्या कायद्याने रस्ता चालतो त्यात तिला संरक्षण जवळजवळ नाही. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं हे आहे.

सायकलीचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर येतात ते रविवारी सकाळी हेल्मेट घालून घाटात जाणारे शहरी स्वार. त्यांच्याविषयी मला आदर आहे, त्यांचेही जीव गेलेत. पण देशातली बहुतेक सायकल त्यांच्या घरात नाही. २०११च्या जनगणनेत ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. ती दूध घालणाऱ्याची, एमआयडीसीत रात्रपाळीला जाणाऱ्या वॉचमनची, गवंड्याच्या हाताखालच्या माणसाची, पेपर टाकणाऱ्या पोराची. यातल्या कुणाची संघटना नाही, कुणी निवेदन घेऊन मुंबईला जात नाही. सप्टेंबर २०२५मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ते चांगलंच झालं. पण आमच्या मुलीला सायकल फुकट मिळाली होती. तिची अडचण किमतीची नव्हती.

२०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते आणि चार हजारांहून अधिक सायकलवाले. सायकलवाल्यांचा आकडा बाकीच्यांपेक्षा लहान दिसतो म्हणून तो मागे पडतो. पण आकड्यात येतं कोण? आमच्या मुलीचा अपघात कुठल्याच यादीत नाही. पंचनामा नाही, तक्रार नाही, ट्रॅक्टरचा धक्काही लागलेला नाही. दवाखान्याच्या कागदावर ‘पडून मार’ असं लिहिलंय. आणि भीतीने ज्यांनी सायकल सोडली, त्यांची मोजदाद तर कुणीच करत नाही.

कायद्याने सायकल कधी पाहिलीच नाही असं नाही. आमच्या वडिलांच्या पिढीला सायकलीचा बिल्ला आठवतो. नगरपालिकेचा कर भरायचा, बिल्ला घ्यायचा आणि तो सायकलीला लावायचा. संध्याकाळनंतर दिवा नसला तर पोलीस धरायचा. डबलसीट दिसले तर दोन्ही चाकांची हवा सोडून द्यायचा. सायकलवाल्याला शिस्त लावायला कायदा होता, त्याला वाचवायला नव्हता. ही दृष्टी अजून गेलेली नाही. २०१३ साली कोलकात्यात पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींना बंदी केली. कारण काय, तर वाहतूक संथ होते. हजारो फेरीवाले, दूधवाले, मजूर एका आदेशाने बेकायदा ठरले.

हे सगळं आठवतं, कारण सध्या एक मोठी संधी आपल्यासमोर आहे आणि तिच्यात मोठा धोकाही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांत दोन कलमं राज्य सरकारांसाठी आली. १३८(१अ) या कलमाने पादचारी आणि यंत्राविना चालणारी वाहनं यांच्याविषयी नियम करायचा अधिकार राज्यांना मिळाला. २१०ड या कलमाने राष्ट्रीय महामार्ग सोडून बाकीच्या रस्त्यांची आखणी, बांधणी आणि देखभाल कोणत्या दर्जाची असावी, हे ठरवायचा अधिकार मिळाला. राज्यं वर्षानुवर्षं स्वस्थ राहिली. शेवटी ७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही कलमांखाली सहा महिन्यांत नियम करा, असा आदेश सगळ्या राज्यांना दिला. ज्या खटल्यात हा आदेश झाला, तो एस. राजसीकरन या कोइमतूरच्या अस्थिशल्यतज्ज्ञांनी २०१२ साली दाखल केलेला. मोडलेली हाडं जोडणाऱ्या माणसाला न्यायालयात जावं लागलं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

धोका कुठे आहे, तर १३८(१अ)च्या शब्दांत. यंत्राविना चालणाऱ्या वाहनांचा आणि पादचाऱ्यांचा वावर आणि प्रवेश ‘नियंत्रित’ करण्यासाठी नियम, असं ते कलम म्हणतं. नियंत्रणाचा अर्थ सायकलला सुरक्षित जागा देणं असा करता येतो, आणि सायकलला रस्त्यावरून हाकलणं असाही. दुसरा सोपा आहे. चार फलक लावले की काम झालं: या पुलावर सायकलला मनाई, या रस्त्यावर सकाळी आठ ते रात्री आठ मनाई. अपघातही कमी झालेले दिसतील, कारण सायकलवालाच उरणार नाही. म्हणून पहिली मागणी ही, की कोणत्याही रस्त्यावर सायकलला बंदी करायची असेल तर त्याच टप्प्यात, तेवढ्याच अंतराचा सुरक्षित पर्यायी मार्ग आधी तयार असला पाहिजे, असं नियमातच लिहा. पर्याय नाही तर बंदी नाही.

नियम खात्यातले अधिकारी करतात, त्यात आमचं काय, असं एखादे आमदार म्हणतील. पण या कायद्याखालच्या नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि झालेले नियम विधिमंडळाच्या पटलावर ठेवावे लागतात. पटलावर ठेवलेला कागद उघडून वाचायचा आणि त्यावर प्रश्न विचारायचा अधिकार २८८ आमदारांना आहे. शिवाय रस्ते हा राज्याचा विषय आणि मोटार वाहनं समवर्ती सूचीत. केंद्राकडे बोट दाखवून हे सुटत नाही.

आता माझ्या साइडपट्टीकडे येते. कायद्यात १९८अ नावाचं एक कलम आहे. रस्त्याच्या सुरक्षेचा दर्जा न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. म्हणजे कुणी मरेपर्यंत किंवा कायमचं अधू होईपर्यंत अकरा सेंटिमीटरच्या कडेबद्दल कुणालाच विचारता येत नाही. २१०ड खाली राज्याला हे बदलता येतं. नव्या थराबरोबर साइडपट्टी त्याच पातळीला आल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरायचं नाही आणि शेवटचं बिल काढायचं नाही, एवढं एक वाक्य नियमात बसलं तर किती हात-पाय वाचतील. याला वेगळा निधी लागत नाही. मुरूम अंदाजपत्रकात असतोच. शाळा, आश्रमशाळा, बाजाराचं गाव आणि कारखाना यांच्या पाच किलोमीटरच्या टापूत ती पट्टी नुसत्या मुरमाची न ठेवता पक्की करावी, हे पुढचं पाऊल. त्याला पैसे लागतील. पण सायकलींवर खर्च केलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून लागणारे ते पैसे आहेत.

शहरांचा प्रश्न वेगळा, आणि त्यात मला एक जुनं दुःख आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्यात शिकायला होते. वसतिगृहापासून कॉलेजपर्यंत लेडीज सायकलवर जायचे, रात्री ग्रंथालयातून साडेनऊला एकटी परत यायचे. सायकलींचं शहर ही ओळख तेव्हा उतरणीला लागली होती, तरी सिग्नल सुटला की पुढे निघायच्या त्या सायकलीच. पुढे २००६ नंतर बीआरटीच्या, म्हणजे बसला वेगळी मार्गिका दिलेल्या रस्त्यांलगत सायकल मार्ग झाले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यात आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं मांडलेलं आहे. त्याच हिवाळ्यात भाड्याच्या सायकली आल्या, रंगीबेरंगी, मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या. दोनेक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या.

गेल्या वर्षी पुण्यात होते तेव्हा भाच्याची सायकल घेऊन मुद्दाम अशाच एका मार्गावरून गेले. पहिले दोनशे पावलं छान. मग पेव्हर ब्लॉक खचलेले, मग मधोमध विजेची डीपी, तिच्या पुढे स्कूटरींची रांग, मग बसथांबा, थांब्यावर माणसं उभी. त्यांनी तरी कुठे उभं राहायचं? चौक आला तिथे मार्ग संपलाच. जिथे गाड्या वळतात, जिथे धोका सगळ्यात जास्त, नेमकं तिथे सायकलवाल्याला मोकळं सोडून दिलेलं. मी उतरून चालत गेले.

अशा मार्गांकडे बोट दाखवून लोक म्हणतात, बघा, बांधले तरी कुणी वापरत नाही. मला यातून उलटा धडा दिसतो. मार्ग बांधणं हे काम होतं, ते झालं. पण तो चालू ठेवणं कुणाचंच कर्तव्य नव्हतं. फुटपाथवर किंवा सायकल मार्गावर गाडी चालवायची नाही, ही तरतूद १९८९च्या नियमांतही होती. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने सायकल मार्ग कसे बांधावेत याची मार्गदर्शिका १९६२ साली काढली. माहितीची कमतरता कधीच नव्हती. कमतरता होती ती अशा बंधनाची, की मार्ग अडला तर अमुक अधिकाऱ्याने इतक्या दिवसांत तो मोकळा करायचा, नाही केला तर उत्तर द्यायचं. कर्नाटकात २०२१ साली पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्या हक्कांसाठी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा तयार झाला होता. महाराष्ट्राने असा कायदा आधी करून दाखवावा. आराखडा पाच वर्षांत विस्मरणात जातो, कायदा निदान न्यायालयात उभा करता येतो.

सायकलप्रेमींना न आवडणारी एक गोष्टही सांगते. पवई तलावाच्या काठाने सायकल मार्ग करायचं काम मुंबईत सुरू झालं होतं, ते मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं. न्यायालयाचं बरोबरच होतं. तलावात भराव टाकून फिरायला जायची वाट करणं म्हणजे सायकलीचा पुरस्कार नव्हे. सायकलला जागा द्यायची ती मोटारींनी व्यापलेल्या रस्त्यातून, कारण लोकांना कामावर, शाळेत, बाजारात जायचं असतं. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ सालीच म्हटलं होतं, की रस्त्याची जागा वाटताना केंद्रस्थानी माणसं हवीत, वाहनं नव्हेत.

मग वेगाचं काय? केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० किलोमीटरची मुभा आहे. ती कमी करायचा अधिकार राज्याला कलम ११२ने दिलेला आहे. साठच्या वेगातल्या गाडीचा तडाखा तीसच्या चौपट असतो, हे मी नववीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर मांडून दाखवते. शाळांच्या परिसरात आणि जिथे वेगळा मार्ग बसूच शकत नाही अशा गल्ली-पेठांमध्ये तीसची मर्यादा राज्यभर एका आदेशाने लागू करता येईल. ‘आमचे रस्ते अरुंद आहेत’ या आक्षेपाला माझं उत्तर हेच आहे. जागा नसेल तर वेग कमी करा.

ओलांडून पुढे जाताना सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवायचं, हा नियम ब्रिटनच्या महामार्ग संहितेत आहे. जर्मनीत शहरात दीड आणि बाहेर दोन मीटर. दीड मीटर म्हणजे एका सायकलीच्या लांबीपेक्षाही थोडं कमी. हे मोजणार कोण, असं विचारतात. रस्त्यावर पट्टी घेऊन कुणी उभं राहणार नाही हे मान्य. पण आकडा लिहिलेला असला तर लायसन्सच्या परीक्षेत तो विचारला जातो, आणि धडक झाल्यावर पोलिसांसमोर, न्यायाधिकरणासमोर वाद उरत नाही: मागून धक्का लागला म्हणजे अंतर ठेवलंच नव्हतं. आज उलट घडतं. सायकलवाला अचानक मध्ये आला, एवढं वाक्य पुरतं, आणि सायकलवाला मेलेला असेल तर त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं.

इथे नेदरलँड्सचं उदाहरण द्यायलाच हवं, कारण तो देश जन्मतः सायकलींचा होता असा आपला समज आहे. साठच्या दशकात तिथेही मोटारींनी सायकली हटवल्या. १९७१ साली त्या लहानशा देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लिहिलं, आईबाप रस्त्यावर उतरले, आणि ‘मुलांची हत्या थांबवा’ हेच त्यांच्या चळवळीचं नाव पडलं. १९७३ साली तेलाचं संकट आलं, रविवारी मोटारी बंद राहिल्या, आणि सरकारला ऐकावं लागलं. तिथल्या कायद्यात आज मोटार आणि सायकलची धडक झाली तर भरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्याची धरतात. आपला काहीच दोष नव्हता हे त्याने सिद्ध करायचं. सायकलवरचं मूल चौदा वर्षांखालचं असेल तर त्याची चूक जवळपास धरतच नाहीत. आमच्या आठवीतल्या मुली तेरा वर्षांच्या आहेत.

सायकलवाले तरी कुठे नियम पाळतात, हे मी शिक्षक खोलीतही ऐकते. खरं आहे, काही जण उलट्या बाजूने येतात, रात्री दिव्याशिवाय येतात. दिवा आणि मागचा लाल परावर्तक सक्तीचा करा, शासनाच्या सायकलीबरोबर तो द्याच, माझा पाठिंबा आहे. पण उलट्या बाजूने येणाऱ्याला विचारून पाहा. दुभाजकातली फट बंद झाल्यामुळे समोरच्या शेतात जायला त्याला दोन किलोमीटर पुढे जाऊन वळावं लागतं. मोटारीला ती चार मिनिटं असतात, त्याला उन्हात पंधरा मिनिटं. आणि हेल्मेट किंवा लायसन्सची सक्ती सायकलवर लादू नका. बिल्ल्याचे दिवस परत आणून गरिबालाच दंड होईल आणि ट्रॉली तशीच जात राहील.

त्या मुलीचे वडील प्लास्टर काढल्यावर शाळेत आले होते. म्हणाले, “मॅडम, सायकलीला नाव ठेवायला जागा नाही. पण तिला एकटीला आता मी सोडत नाही.” ते मजुरीला जातात. ज्या दिवशी काम नसतं त्या दिवशी ते तिला मोटारसायकलवर आणून सोडतात. जानेवारीत ती अकरा दिवस आली. हजेरीपट माझ्याकडेच असतो.

येत्या जुलैत नव्या सायकली येतील, कार्यक्रम होईल, आमदारसाहेबांना निमंत्रण जाईल. साहेब, तासभर आधी या. फाट्यापासून शाळा साडेतीन किलोमीटर आहे, मुलींबरोबर सायकलवर या. मी फाट्यावर थांबते. पट्टी माझ्याकडे असेल, कड तुम्ही स्वतः मोजा.